एकाच पत्त्यावर मेल कधी जातो, कधी परत येतो: कंपनीचा मेल सर्व्हर, मदत हवी

शिरोलीकर | सोमवार, सकाळी ११:२०

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत आहे. मूळ काम खरेदी विभागाचं, पण गेली सहा वर्षं संगणक, प्रिंटर, सर्व्हर हेही माझ्याकडेच आहे. मेल सर्व्हर आमच्या ऑफिसातच बसवलेला आहे. डेबियन लिनक्सवर मेल पाठवायला-घ्यायला पोस्टफिक्स, मेल वाचायला डोव्हकॉट, साधारण सत्तर मेलबॉक्स.

तीन आठवड्यांपूर्वी इंटरनेटची लाइन बदलली. नवी फायबर लीज्ड लाइन आली, नवा स्थिर आयपी मिळाला. डीएनएसमध्ये (नावावरून आयपी सांगणारी व्यवस्था) सर्व्हरचा पत्ता बदलला, एसपीएफमधून (आमच्या नावाचा मेल कुठल्या आयपीवरून येऊ शकतो ती नोंद) जुना आयपी काढून नवा घातला, लाइनवाल्यांकडून पीटीआरही (आयपीवरून नाव सांगणारी उलटी नोंद) करून घेतला. येणारे मेल एक दिवसही अडले नाहीत.

अडतात ते जाणारे. तेही सगळे नाहीत, आणि हेच मला उलगडत नाहीये. शनिवारी चाकणच्या एका ग्राहकाकडे कास्टिंगची गाडी गेली होती. त्यांच्याकडे टीसी, म्हणजे मटेरियल टेस्ट सर्टिफिकेट, मेलवर आल्याशिवाय माल उतरवून घेत नाहीत. क्वालिटीच्या मुलाने ११:४० ला टीसी पाठवलं, लगेच मेलर-डीमनचं, म्हणजे मेल पोचला नाही सांगणारं, उत्तर आलं. ११:५२ ला तोच मेल, तीच पीडीएफ, त्याच पत्त्यावर पुन्हा पाठवला, गेला. दुपारी दुसऱ्या गाडीचं टीसी तीन वेळा परत आलं, चौथ्यांदा पोचलं. तोवर ड्रायव्हर दीड तास गेटबाहेर उन्हात उभा. मला चार फोन केले त्याने.

मेल परत येतो त्यात लिहिलेलं असतं की तुमचा मेल एका किंवा अधिक जणांना पोचवता आला नाही, क्षमस्व. यावरून काय शोधायचं?

गारगोटी | सोमवार, सकाळी ११:४८

नवा आयपी म्हणजे आधी कुणीतरी वापरून सोडलेला आयपी. त्याने त्यावरून काय पाठवलं असेल सांगता येत नाही. आधी काळ्या यादीत, म्हणजे स्पॅम पाठवणाऱ्या आयपींच्या यादीत, आहे का बघा. स्पॅमहॉस या संस्थेची झेन यादी सर्वांत जास्त वापरली जाते, तिथून सुरुवात करा.

शिरोलीकर | सोमवार, दुपारी १२:३०

गारगोटी, धन्यवाद. सर्व्हरवरूनच डिग या डीएनएसला विचारायच्या कमांडने झेन यादीला विचारलं. आयपीचे आकडे उलटे लिहून विचारायचं, ते जमलं. उत्तर आलं १२७.२५५.२५५.२५४. यादीत नसलो तर उत्तरच येत नाही असं वाचलं होतं, म्हणजे आपण यादीत आहोत. आता नाव काढायचा अर्ज करतो. किती दिवस लागतात?

पत्रपेटी | सोमवार, दुपारी १:०५

शिरोलीकर, थांबा, अर्ज करू नका. तुम्ही यादीत नाही आहात.

मी पुण्यात एका होस्टिंग कंपनीत बारा वर्षं मेल सर्व्हर सांभाळते आहे, आणि याच आकड्यावर फसलेले खूप जण पाहिले. स्पॅमहॉसचं खरं 'होय' हे १२७.०.० ने सुरू होतं. शेवटचा आकडा झेनमधली पोटयादी सांगतो: २ असेल तर एसबीएल, ३ म्हणजे सीएसएस, ४ म्हणजे एक्सबीएल, १० किंवा ११ म्हणजे पीबीएल. १२७.२५५.२५५.२५४ चा अर्थ एवढाच की तुम्ही सार्वजनिक रिझॉल्व्हरमधून, म्हणजे सगळ्यांसाठी डीएनएसची उत्तरं शोधून देणाऱ्या सर्व्हरमधून, विचारलंत, आम्ही अशा वाटेने उत्तर देत नाही. तुमच्या सर्व्हरच्या रिझॉल्व्हर फाइलीत गूगलचा ८.८.८.८ लिहिलेला असणार. सर्व्हरवर अनबाउंडसारखा स्वतःचा रिझॉल्व्हर बसवा आणि पुन्हा विचारा. तोवर त्यांच्या संकेतस्थळावर आयपी टाकून बघितलात तरी चालेल.

यातला दुसरा धोका मोठा आहे. तुम्ही येणारे मेल याच यादीवरून अडवत असाल, आणि पोस्टफिक्सला कोणत्या उत्तरावर अडवायचं ते सांगितलेलं नसेल, तर हे २५४ वालं उत्तरही त्याला 'होय' वाटतं आणि तो येणारा प्रत्येक मेल नाकारतो. तुमचे येणारे मेल चालू आहेत, म्हणजे तुमच्याकडे तसं नाही. पण वाचणाऱ्यांनी आपापली फाइल तपासा. यादीच्या नावापुढे बरोबरचं चिन्ह देऊन १२७.०.०.[२..११] असं लिहिलेलं हवं.

आता मूळ मुद्दा. परत आलेला मेल पूर्ण टाका. 'क्षमस्व' पर्यंतचा भाग तुमच्याच पोस्टफिक्सने लिहिलेला असतो आणि तो दर वेळी सारखाच असतो. समोरच्या सर्व्हरने काय सांगितलं ते त्याच्या खाली असतं.

नवी_पाटी | सोमवार, दुपारी २:१०

मी अजून शिकतोय, म्हणून विचारतो. काही मेल लगेच परत येतात, काही चार-पाच दिवसांनी येतात. दोन्हींत कारण वेगळं असतं का?

पत्रपेटी | सोमवार, दुपारी ३:००

हो, आणि ते पहिल्या आकड्यावरून कळतं. ४ ने सुरू होणारं उत्तर म्हणजे 'आत्ता नाही, नंतर या'. ५ म्हणजे 'नाही, परत येऊ नका'. १९८२ च्या आरएफसी ८२१ या मानकापासून, म्हणजे जॉन पोस्टेल यांनी एसएमटीपी हे मेल पाठवण्याचे नियम लिहून काढले तेव्हापासून, हे असंच आहे.

४ आलं की पोस्टफिक्स मेल रांगेत ठेवतो. पाच मिनिटांनी पुन्हा बघतो, मग अंतर वाढवत नेतो, जास्तीत जास्त ४००० सेकंद, म्हणजे तास-सव्वा तास. मूळ सेटिंग बदललेलं नसेल तर असं पाच दिवस चालतं, मग हात टेकून मेल परत देतो. तुम्हाला पाच दिवसांनी परत आलेला मेल तो हाच. काही सर्व्हर अनोळखी पत्त्यावरून आलेल्या मेलला मुद्दाम पहिल्यांदा ४५० देतात, खरा सर्व्हर असेल तर थोड्या वेळाने पुन्हा येईलच म्हणून. त्याला ग्रेलिस्टिंग म्हणतात. तिथे काही करायचं नसतं, थांबायचं.

त्यापुढे टिंबांनी जोडलेले तीन आकडे असतात, तेही वाचा. मधला १ असेल तर पत्त्यात घोळ, ५.१.१ म्हणजे तसा मेलबॉक्सच नाही. मधला २ म्हणजे मेलबॉक्सची अडचण, ५.२.२ भरलेला. मधला ४ म्हणजे वाटेत, जोडणीत काहीतरी. मधला ७ असेल तर सुरक्षेचा किंवा धोरणाचा प्रश्न, म्हणजे पत्ता बरोबर आहे पण त्यांना पाठवणाऱ्याचा भरवसा वाटत नाही. शिरोलीकरांकडे ७ निघेल असं मला वाटतंय. पुढे तपशील बघू.

वसईचा_वारा | सोमवार, दुपारी ४:४०

धागा भरकटवायचा नाही, पण आमच्याकडेही मेल परत येताहेत आणि प्रकार निराळाच आहे. आमच्या अकाउंट्सच्या मॅडमना कालपासून शेकडो मेल परत येताहेत, आणि त्यातला एकही त्यांनी पाठवलेला नाही. पत्ते परदेशातले, विषय भलतेच. त्या घाबरल्या आहेत.

भीमथडी | सोमवार, सायंकाळी ५:१५

वसईचा_वारा, हे वाचून दुसरं काही करायच्या आधी पोस्टक्यू कमांडने जायच्या मेलची रांग बघा. किती मेल आहेत सांगा. आणि लॉगमध्ये एसएएसएल युजरनेम, म्हणजे मेल पाठवताना लॉगिन केलेलं खातं, शोधा, त्यासमोर मॅडमचं खातं आणि अनोळखी आयपी दिसताहेत का?

वसईचा_वारा | सोमवार, सायंकाळी ५:३२

रांगेत १४ हजारांच्या वर. हो, मॅडमचंच खातं आहे, आणि आयपी दर ओळीला वेगळा.

भीमथडी | सोमवार, सायंकाळी ५:४०

पासवर्ड फुटलाय. आता हे याच क्रमाने करा. आधी पोस्टफिक्स थांबवा, म्हणजे आणखी बाहेर जाणार नाही. मॅडमचा पासवर्ड बदला. मग डोव्हकॉट पुन्हा सुरू करा, कारण आधीच आत शिरलेली जोडणी पासवर्ड बदलला म्हणून तुटत नाही. मग पोस्टसुपर कमांड वापरून रांगेतले फक्त त्या खात्याचे मेल काढा. सगळी रांग पुसू नका, त्यात तुमच्या लोकांचे खरे मेल अडकलेले असतील. हे सगळं झाल्यावरच पोस्टफिक्स चालू करा. नुसता पासवर्ड बदलून थांबलात तर रांगेतले १४ हजार मेल पुढचे पाच दिवस जात राहतील.

आणि मॅडमना सांगा, त्यांनी काही चुकीचं केलेलं नाही. त्यांचा संगणक मात्र तपासून घ्या, पासवर्ड कुठून गेला ते कळलं पाहिजे.

शिरोलीकर | सोमवार, रात्री ९:१०

पत्रपेटीताई, अनबाउंड बसवलं, पुन्हा विचारलं. कुठल्याच यादीत नाही. संध्याकाळचे चार तास मी अर्जाची तयारी करत घालवणार होतो, ते वाचले.

भीमथडींच्या प्रतिसादावरून मीही लॉग बघितला. परके लॉगिन नाहीत, रांगही मोकळी आहे.

परत आलेला मेल आज पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचला. क्वालिटीचा मुलगा मला दर वेळी स्क्रीनचा फोटो पाठवत होता आणि फोटोत वरचा अर्धाच भाग यायचा. खाली कोड ५५०-५.७.१ आहे. मजकूर मराठीत सांगायचा तर: हा मेल आयपीव्ही६ वरून पाठवण्याच्या नियमांत बसत नाही, पीटीआर नोंद आणि ओळख-पडताळणी यांच्या संदर्भात. ग्राहकाचा मेल गूगलवर आहे.

पण पीटीआर मी स्वतः तपासलाय. डिग -एक्सने आयपी विचारला की आमच्या मेल सर्व्हरचं नाव येतं, आणि त्या नावाला विचारलं की तोच आयपी येतो. दोन्हीकडून जुळतं. मग पीटीआरची तक्रार का?

गारगोटी | सोमवार, रात्री ९:३५

माझं प्रामाणिक मत सांगतो. सत्तर मेलबॉक्ससाठी स्वतःचा सर्व्हर ठेवण्याचे दिवस गेले. महिन्याला पैसे देऊन मेल दुसऱ्याकडे न्या. आमच्या कारखान्याने दोन वर्षांपूर्वी नेला. या असल्या गोष्टी आता ते बघतात.

शिरोलीकर | सोमवार, रात्री ९:५०

गारगोटी, तुमचं म्हणणं पटतं, आणि वरपर्यंत हा विषय मी दोनदा नेलाय. ग्राहकांची ड्रॉइंग मेलवर येतात, काहींशी करार आहे की ती आमच्या आवाराबाहेर ठेवायची नाहीत. शिवाय अठरा वर्षांचे मेल आहेत. कुठल्या पॅटर्नला कुणी कधी मंजुरी दिली हे आजही त्यातून काढावं लागतं. म्हणून सर्व्हर इथेच राहणार, आणि तो नीट चालवायचा आहे.

पत्रपेटी | सोमवार, रात्री १०:२०

शिरोलीकर, त्या उत्तरात चौकटी कंसात एक आयपी असेल. तुम्ही डिगने तपासलात तोच आहे का? अक्षर न अक्षर जुळवून सांगा.

शिरोलीकर | सोमवार, रात्री १०:३१

नाही!

तो आमचा आयपी नाहीच. लांबलचक आहे, मध्ये कोलन आहेत, २४०० सारखी सुरुवात आहे, आणि शेवटच्या भागाच्या मध्ये 'एफएफ:एफई' असं आहे. हा कुठून आला?

पत्रपेटी | सोमवार, रात्री ११:०५

आता सगळं जुळलं. शनिवारी तुमचा तोच मेल ११:४० ला का परत आला आणि ११:५२ ला का गेला, तेही यातच आहे.

तुमच्या नव्या लाइनवर आयपीव्ही६, म्हणजे आयपी पत्त्यांची नवी, लांब पद्धत, चालू आहे. तुम्ही तपासलेला आयपी जुन्या पद्धतीचा, आयपीव्ही४. राउटर आतल्या सगळ्या यंत्रांना सांगतो, ही घ्या पत्त्याची पहिली अर्धी बाजू, उरलेली तुम्ही बनवा. तुमच्या डेबियनने नेटवर्क कार्डच्या मॅक, म्हणजे कार्डाला कारखान्यातच मिळालेल्या, क्रमांकावरून उरलेली अर्धी बाजू बनवली. मधलं एफएफ:एफई ही त्याचीच खूण. तुम्ही काही केलं नाही, कुणी विचारलंही नाही. जुन्या लाइनवर आयपीव्ही६ नव्हतं, म्हणून इतकी वर्षं हा प्रश्न आला नाही.

आता सर्व्हरला बाहेर पडायला दोन दरवाजे झाले. जुन्या पद्धतीच्या दरवाज्याला पीटीआर आहे, एसपीएफमध्ये नोंद आहे. नव्याला पीटीआर नाही आणि तुमच्या एसपीएफमध्ये त्याचं नावही नाही. समोरच्या सर्व्हरलाही दोन्ही पत्ते असले तर पोस्टफिक्स त्यातला एक दर वेळी नव्याने, चिठ्ठी उचलल्यासारखा निवडतो. २.८ आवृत्तीपासून मूळ सेटिंग तसंच आहे. म्हणून एकाच पत्त्यावरचा मेल कधी जातो, कधी परत येतो. ज्या ग्राहकांच्या सर्व्हरला आयपीव्ही६ नाही, त्यांच्याकडे तुमचा एकही मेल अडला नसेल. तपासून बघा.

तुम्ही विचाराल की एका दरवाज्याने जमलं नाही तर पोस्टफिक्स दुसऱ्याने का जात नाही. समोरून ४ चं उत्तर आलं असतं तर गेला असता. ५ आल्यावर तो तिथेच थांबतो, कारण त्याच्या लेखी ते अंतिम उत्तर आहे.

लॉगमध्ये प्रत्येक मेलच्या ओळीत रिले लिहिलेलं असतं आणि त्यात समोरचा आयपी असतो. कोलनवाले आणि बिनकोलनचे वेगळे काढा, आणि परत आलेले कुठल्या गटात आहेत मोजा.

शिरोलीकर | मंगळवार, सकाळी ८:४०

रात्री साडेबारापर्यंत बसून मोजलं. तीन आठवड्यांत ५.७.१ ने परत आलेले मेल १३६. सगळेच्या सगळे कोलनवाल्या पत्त्याकडे गेलेले. बिनकोलनच्या गटात त्या कारणाने परत आलेला एकही नाही. आणि आमच्या ज्या दोन मोठ्या ग्राहकांकडे कधीच अडचण आली नव्हती, त्यांच्या सर्व्हरला आयपीव्ही६ पत्ताच नाही.

ताई, तीन आठवडे मी लाइनवाल्यांशी भांडत होतो की तुमचा आयपी खराब आहे, आणि ते मला सांगत होते की आमच्याकडून सगळं ठीक आहे. ते ज्या आयपीबद्दल बोलत होते तो खरंच ठीक होता.

आता दुरुस्ती काय करू?

पत्रपेटी | मंगळवार, सकाळी ९:१५

आज आधी मेल अडणं थांबवा. पोस्टफिक्सच्या मुख्य फाइलीत आयनेट प्रोटोकॉल्स या ओळीत 'ऑल' असेल, तिथे 'आयपीव्ही४' करा. यानंतर नुसतं रीलोड करून भागत नाही, पोस्टफिक्स पूर्ण थांबवून पुन्हा सुरू करावा लागतो. आणखीही एक सेटिंग आहे, ज्यात आयपीव्ही४ ला फक्त पसंती देता येते. ते घेऊ नका. पसंती दिली तरी आयपीव्ही४ ने जोडणी झाली नाही की तो नव्या दरवाज्याने जाणारच.

भीमथडी | मंगळवार, सकाळी ९:४०

पत्रपेटीताईंशी आजपुरता सहमत, पण पुढचं काम सोडू नका. आयपीव्ही६ बंद करून ठेवणं हा कायमचा उपाय मला पटत नाही. लाइनवाल्यांकडून आयपीव्ही६ चा स्थिर पट्टा लिहून घ्या, सर्व्हरला त्यातला एक पत्ता हाताने द्या. हे महत्त्वाचं आहे, कारण मॅकवरून बनलेला पत्ता नेटवर्क कार्ड बदललं की बदलतो. मग त्या पत्त्याचा पीटीआर, डीएनएसमध्ये सर्व्हरच्या नावाला तो पत्ता, आणि एसपीएफमध्ये आयपी६ ची नोंद. ही तीनही कामं झाल्यावरच दुसरा दरवाजा उघडा.

पीटीआरसाठी एक गोष्ट लक्षात ठेवा, नवीन लोक इथे हमखास अडकतात. तुमच्या डोमेनच्या पॅनलमध्ये पीटीआर लिहून उपयोग नाही. आयपी ज्याचा, त्याच्याच डीएनएसमध्ये तो बसतो. म्हणजे लाइनवाल्यांनाच करावा लागतो. फोनवर सांगितलं की समजत नाही. मेलमध्ये पूर्ण आयपी, सर्व्हरचं पूर्ण नाव आणि 'रिव्हर्स डीएनएस' हे शब्द लिहून द्या.

पत्रपेटी | मंगळवार, सकाळी १०:३०

भीमथडी म्हणतात ते बरोबर, पण त्याच्याही आधी एक काम मी लावेन. शिरोलीकर, तुमच्याकडे डीकेआयएम, म्हणजे प्रत्येक मेलवर सर्व्हरची डिजिटल सही, नाही ना? परत आलेल्या मेलमध्ये 'ओळख-पडताळणी' म्हटलंय ते त्याबद्दलही आहे.

फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू दोघांनीही नियम कडक केले. पाठवणारा कितीही छोटा असो, एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक तरी जुळलाच पाहिजे, आणि आयपीला पीटीआर हवा. दिवसाला जीमेलच्या खात्यांवर ५००० च्या वर पाठवणाऱ्यांना दोन्ही हवेत, वर डीमार्क, म्हणजे या तपासणीत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद. तुम्ही ५००० पाठवत नसाल, तरी दोन्ही करा. एसपीएफ आयपीला बांधलेला असतो. उद्या लाइन पुन्हा बदलली आणि नोंद बदलायची राहिली, तर तो लगेच फसतो. डीकेआयएमची सही मेलवर असते, मेल कुठल्याही दरवाज्याने गेला तरी ती त्याच्याबरोबर जाते. तुमच्याकडे सही असती तर ओळखीचा अर्धा भाग तरी टिकला असता. पीटीआर मात्र तरीही लागलाच असता.

सही करणारं ओपनडीकेआयएम बसवा, २०४८ बिटांची किल्ली करा. पोस्टफिक्सशी जोडताना फाइलच्या रूपातलं सॉकेट (दोन प्रोग्राम जोडायची जागा) देऊ नका. डेबियनवर पोस्टफिक्सचे बरेच भाग स्वतःच्या कोंडलेल्या फोल्डरमधून चालत असतील तर त्यांना ते सॉकेट दिसत नाही. १२७.०.०.१ वर ८८९१ पोर्ट द्या.

नवी_पाटी | मंगळवार, सकाळी ११:००

एसपीएफमध्ये नवीन नोंद घालायची म्हणजे दुसरी एसपीएफ ओळ टाकायची का?

पत्रपेटी | मंगळवार, सकाळी ११:१२

अजिबात नाही. बरं झालं विचारलंत. एका डोमेनला एसपीएफची एकच ओळ. दोन असल्या तर तपासणारा दोन्ही सोडून देतो आणि ती कायमची चूक धरतो. आधीच्याच ओळीत भर घाला. आणि तिच्यातून डीएनएसला पुन्हा विचारावं लागेल अशा नोंदी, म्हणजे इन्क्लूड, एमएक्स, ए वगैरे, मिळून १० च्या आत राहिल्या पाहिजेत. इन्क्लूडच्या पोटातलेही मोजले जातात. मार्केटिंगवाले एक सेवा घेतात, एचआरवाले दुसरी, प्रत्येक जण एक इन्क्लूड देऊन जातो, आणि एक दिवस अकरावा येतो. थेट आयपी लिहिलेल्या नोंदी यात मोजत नाहीत.

वसईचा_वारा | मंगळवार, दुपारी १२:२०

भीमथडी, तुम्ही सांगितलेल्या क्रमाने केलं. रांगेतून १४ हजार काढले, त्यांच्यामध्ये अडकलेले आमचे ३२ खरे मेल शाबूत राहिले. त्यात जीएसटीच्या कामाचे होते. पासवर्ड कंपनीचं नाव आणि पुढे १२३ असा होता. असे आणखी नऊ जणांचे सापडले, आज सगळे बदलले. आता आमचा आयपी मात्र खरंच एक्सबीएलमध्ये दिसतोय, उत्तर १२७.०.०.४. स्वतःच्या रिझॉल्व्हरमधून विचारून खात्री केली.

भीमथडी | मंगळवार, दुपारी १२:४५

हे अपेक्षितच होतं. कारण दूर झालं आहे याची खात्री असेल तर स्पॅमहॉसच्या पानावर आयपी टाका, तिथेच नाव काढायची विनंती करता येते. पैसे लागत नाहीत. पण आधी मॅडमचा संगणक साफ आहे ना ते बघा. कारण न काढता विनंती केली आणि पुन्हा यादीत आलात, तर पुढच्या वेळी अवघड जातं.

शिरोलीकर | मंगळवार, सायंकाळी ६:३०

आयपीव्ही४ चं सेटिंग सकाळी ९:५० ला केलं. तेव्हापासून २१८ मेल गेले. पाच परत आले, आणि पाचही ५.१.१, म्हणजे पत्ताच चुकलेला. त्यातले दोन पत्ते आमच्या जुन्या यादीतले, नोकरी सोडून गेलेल्या लोकांचे. ते काढून टाकले.

डीकेआयएममध्ये मात्र दुपार गेली. सही होते, पण जीमेलच्या चाचणी खात्यावर मूळ मेल उघडून पाहिला की डीकेआयएम नापास. किल्ली तीनदा चिकटवली, तेच.

पत्रपेटी | मंगळवार, सायंकाळी ६:५०

डीएनएसला डिगने विचारून मिळालेली किल्ली आणि तुमच्या फाइलीतली किल्ली शेजारी शेजारी ठेवा. शेवटची अक्षरं जुळतात का?

शिरोलीकर | मंगळवार, सायंकाळी ७:०५

नाही जुळत! डीएनएसमधली अर्ध्यातच संपते. मोजलं, बरोबर २५५ अक्षरं आहेत.

पत्रपेटी | मंगळवार, सायंकाळी ७:१५

टीएक्सटी नोंदीत, म्हणजे किल्ली ठेवतात त्या डीएनएसच्या मजकूर-नोंदीत, अवतरणचिन्हांतला एक तुकडा २५५ अक्षरांपेक्षा मोठा चालत नाही. २०४८ ची किल्ली त्यात मावत नाही. काही पॅनल स्वतःच तुकडे करतात, तुमचं पॅनल न सांगता छाटतंय. एकाच नोंदीत दोन तुकडे करा, प्रत्येक आपापल्या अवतरणचिन्हांत, मध्ये एक जागा. वाचणारा ते आपोआप जोडून घेतो. ओपनडीकेआयएमने किल्लीबरोबर जी टीएक्सटी फाइल दिलीय, तिच्यात ती आधीच तोडून ठेवलेली असते. तुम्ही बहुतेक जोडून चिकटवलीत.

शिरोलीकर | बुधवार, सकाळी १०:१०

तसंच होतं. जोडूनच चिकटवली होती मी. रात्री तुकडे केले, सकाळी चाचणी मेल पाठवला. एसपीएफ पास, डीकेआयएम पास. डीमार्कची ओळही टाकली, धोरण 'नन', म्हणजे काही अडवू नका, असं ठेवलंय आणि अहवाल वेगळ्या मेलबॉक्सला मागवलेत. काही आठवडे ते अहवाल वाचून मग पुढे कडक करेन.

लाइनवाल्यांना काल भीमथडींनी सांगितलं तसं लेखी पाठवलं. आयपीव्ही६ चा स्थिर पट्टा देतो म्हणालेत, पीटीआरला आठवडा लागेल. तोवर दुसरा दरवाजा बंद.

क्वालिटीच्या मुलाला सांगितलंय, मेल परत आला की स्क्रीनचा फोटो पाठवायचा नाही, आलेला मेल जसाच्या तसा मला पुढे पाठवायचा. त्याला कोड कुठे असतो तेही दाखवलं. त्याने स्वतःहून वहीत ५.१.१ आणि ५.७.१ लिहून घेतलं.

आज चाकणची गाडी ७:१५ ला सुटली. टीसी ९:२१ ला गेलं, लॉगमध्ये समोरून २५० २.०.०. ड्रायव्हरचा अजून फोन नाही.

पीटीआर झाला आणि आयपीव्ही६ उघडलं की त्या दिवसाचे आकडे इथेच टाकतो. वसईचा_वारा, तुमचं नाव यादीतून निघालं का?

वसईचा_वारा | बुधवार, सकाळी ११:३०

निघालं. आज सकाळी विचारलं, उत्तरच आलं नाही.